मधलं अंगण कोणी साफ केलं?

सन्माननीय अध्यक्ष महोदया, अर्थात आपल्या निरीक्षक पथकाच्या प्रमुख बाई. दोन्ही सरकारांच्या वतीने इतका लांबचा, धुळीचा प्रवास करून आलेले प्रमुख पाहुणे. व्यासपीठावर आणि व्यासपीठाखाली बसलेले दोन्ही बाजूंचे अधिकारी आणि सहकारी. दोन्ही वस्त्यांमधून आलेली वडीलधारी मंडळी, माता-भगिनी. पहिल्या रांगेत बसून एकमेकांना चिमटे काढणारी बालगोपाळ मंडळी. आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती, माझे मित्र सावकाशराव. सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी कानात सांगितलंय की जरा गोड बोला. गोड बोलायचं ठरवूनच आलो होतो. भाषण लिहूनही आणलंय, ते या खिशात आहे, आणि खिशातच राहू दे. इथे अलीकडे काय झालं ते तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक आहे, निम्म्यांनी कुजबुज ऐकली आहे, आणि आत्तापर्यंतच्या सगळ्या वक्त्यांनी त्या विषयाला मोठ्या खुबीने वळसा घातला आहे. वळसा घालणं हा आपल्या पेशाचा गुणच आहे म्हणा.

बाहेरगावच्या मंडळींसाठी आधी थोडी ओळख. सावकाशराव हे काही यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. सुरुंग काढणाऱ्या तुमच्या पथकाचे हे प्रमुख, आणि मी आमच्या पथकाचा. इथे मला सगळे 'पलीकडचे' म्हणतात. आमच्याकडे गेलं की हे पलीकडचे होतात. दोन्ही देशांच्या भाषा इतक्या सख्ख्या, की भांडायला दुभाषी लागत नाही. यांच्याकडे कोणीही कसलीही घाई घेऊन आला की यांचं एकच उत्तर: सावकाश. लेकीच्या लग्नात वऱ्हाड दारात उभं, आणि हे फाटकापासून पाहुण्यांपर्यंत पाऊल बघून टाकत येतायत. व्याही मला म्हणाले, यांना गुडघ्याचा त्रास आहे का हो? मी म्हटलं, त्रास नाही, सवय आहे. आणि त्या सवयीमुळेच यांच्या हाताखालचा एकही माणूस आजवर हात-पाय गमावून घरी गेलेला नाही. यावर टाळ्या वाजवायला हरकत नाही.

धन्यवाद.

आता लढाईबद्दल. लढाई दोन्ही देशांनी मन लावून केली आणि सुरुंगही मन लावून पेरले. पेरताना कोणाला कोणाचं सहकार्य लागलं नाही. काढायची वेळ आली तेव्हा मात्र परिषद लागली, करार लागला, तीन तिऱ्हाईत देशांचे निरीक्षक लागले, त्यांना जीपगाड्या लागल्या. मी चेष्टा करतोय असं समजू नका. त्या करारामुळेच इथली वांगी-टोमॅटोची रोपं माणसाच्या हाताने लावता येतात. जगात शांतता राखायची तर अनेक देशांनी हातात हात घालावे लागतात, हे मघाशी पाहुणे म्हणाले ते शंभर टक्के खरं आहे. फक्त हातात हात घातलेला असताना पायाखाली कोण बघणार, हे ठरवायचं राहून गेलं.

कराराचा नियम असा की ज्याने त्याने आपापली जमीन साफ करायची, आपापल्या पांढऱ्या दगडांच्या रांगेपर्यंत. आमचे नकाशे तुम्हाला दाखवायचे नाहीत, तुमचे आम्हाला नाहीत. दोन्ही नकाशे निरीक्षकांच्या कपाटात, पण वेगवेगळ्या कुलपांत, कारण ते शेजारी ठेवून बघणं म्हणजे कोणाची तरी गुपितं फोडणं. आता तुमच्या दगडांची रांग आणि आमच्या दगडांची रांग, यांच्यामध्ये जी जागा उरली, तेच हे मधलं अंगण. जिथे आत्ता हा तंबू आहे आणि आपण सगळे बसलो आहोत.

खुर्च्या सरकवू नका. काळजी नको, ही जागा आता साफ आहे. हा 'आता' शब्द हल्ली मी जपून वापरतो.

या अंगणाचं कौतुक किती झालं! दोन्ही पथकांची खोली इथे, प्रथमोपचाराची खोली इथे, बैठका इथे. आसपासच्या मुलखात पोरांना बिनधास्त हुंदडता येईल अशी सपाट जागा एवढीच. म्हणून दोन्ही वस्त्यांची पोरं इथे चेंडू खेळायला यायची. शाळेची कवायत इथे व्हायची. दूरदूरचे पाहुणे आले की आम्ही त्यांना हौसेने इथे उभं करून फोटो काढायचो. सावकाशरावांची लेक प्रथमोपचाराच्या खोलीत परिचारिका आहे. तिची मुलगी, म्हणजे यांची नात, पहिलं पाऊल या मातीवर टाकायला शिकली. मी या टोकाला बसायचो, आजोबा त्या टोकाला, आणि ती मधे डुगडुगत दोन्हीकडे जायची. तुम्हीच सांगा, याहून गोड दृश्य कोणतं?

मागच्या पंधरवड्यात, याच समारंभासाठी, तंबूवाला खांबांचे खड्डे काढत होता. आम्ही दोघं सावलीत चहा घेत होतो. भाषणं किती मिनिटांची असावीत यावर आमचं एकमत होत नव्हतं. तंबूवाला आला आणि अगदी सहज म्हणाला, "साहेब, खाली कसला तरी डबा लागतोय. काढू का फोडू?"

सावकाशरावांनी त्याला सांगितलं की पहार तिथेच ठेव आणि ज्या पावलांवरून आलास त्याच पावलांवरून परत ये. तो आला. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी या माणसाला पांढराफटक पडलेला पाहिला. मी कसा दिसत होतो ते यांना विचारा.

मोठा सुरुंग होता, गाडीसाठी पेरतात तसा. माणसाच्या वजनाने तो फुटत नाही, पण पहारीच्या घावाचा भरवसा कोण देणार? आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर निरीक्षकांची जीप रोज उभी राहायची. माणसं उतरवणारी, चढवणारी जीप. कोणाच्या देशाचा होता, म्हणाल? तोंडवळ्यावरून सांगता येईना. दोन्ही लष्करांनी एकाच दुकानातून माल उचललेला. दुकान कोणतं ते मी बोलत नाही, समारंभ आहे, पाहुण्यांचा मान राखला पाहिजे.

आणि मग जे झालं त्याचा धक्का मला सुरुंगापेक्षा मोठा बसला. सावकाशराव, सांगू ना? मान हलवतायत. सांगतो. हा शांत माणूस, ज्याने माझ्या आजारपणात सीमेवरून औषधं पाठवली, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हे अंगण तुमच्याकडे होतं." आणि मी, ज्याने यांच्या लेकीच्या लग्नात पंगतीला वाढलं, मी म्हणालो, "आमच्याकडे? तुमच्याकडे होतं." मग आवाज चढले. तुम्ही मुद्दाम ठेवलात, असंही बोलून झालं. कोण म्हणालं ते आता आम्हा दोघांनाही आठवत नाही, आणि आठवावं अशी इच्छाही नाही. दोन पथकांची माणसं दोन बाजूंना जाऊन उभी राहिली. डोळ्यांदेखत. काही मिनिटांपूर्वी ती एकाच किटलीतला चहा पीत होती. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे, एवढंच? इतक्या वर्षांचं सगळं एवढ्यावरच उभं होतं?

नंतर, घसा बसल्यावर, आम्ही आठवायला बसलो. पहिल्या दिवशी आम्ही या अंगणात आलो तेव्हा इथे निरीक्षकांनी टेबल मांडलेलं होतं, आणि टेबलापाशी तुमची माणसं उभी होती. मला वाटलं, यांनी साफ केलेलं दिसतंय, नाहीतर असे ऐटीत उभे राहिले नसते. यांना वाटलं, पलीकडचे कसे तरातरा चालत येतायत, म्हणजे यांनीच केलेलं असणार. निरीक्षकांना वाटलं, दोघंही तज्ज्ञ आहेत, हरकत घेत नाहीत, म्हणजे झालेलं आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं हे अंगण. दोन्ही घरांनी त्याला जेवलेला समजून विडा पुढे केला.

मग विचारलं का नाही? सुजाण श्रोतेहो, तो काळ आठवा. नुकती लढाई थांबलेली. एकमेकांच्या हातचं पाणी प्यायलाही धाक वाटावा असे दिवस. त्यात मी समोरच्याला विचारायचं की काय हो, तुम्ही ही जागा नीट साफ केलीत ना? म्हणजे तुमच्यावर माझा विश्वास नाही असंच झालं. मोठ्या मुश्किलीने जुळलेलं मोडलं असतं. भीड ही भिकेची बहीण हे लहानपणापासून ऐकत आलो, पण भीड इतकी वर्षं सुरुंगावर चेंडू खेळवू शकते हे कोणी सांगितलं नव्हतं. विश्वास, विश्वास म्हणून ज्याचे आम्ही फोटो काढले, ते नुसतं न विचारणं होतं.

वहिनी, म्हणजे सावकाशरावांच्या पत्नी, इथे तिसऱ्या रांगेत आहेत. त्या दिवशी नातीला कडेवर घेऊन त्या यांच्या घराच्या ओसरीत उभ्या होत्या आणि आम्ही दोघं अपराध्यासारखे समोर. मला वाटलं, रडतील, ओरडतील. त्या अगदी हळू बोलल्या. "तुम्ही दोघं रोज एकमेकांची झोप विचारता, पोट विचारता, पोरांच्या परीक्षा विचारता. हे एक विचारायला काय झालं होतं?" मग त्या आत गेल्या आणि कडी लावून घेतली. वहिनी, आजही तुम्ही माझ्याकडे बघत नाही, आणि ते बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावकाशराव आपलं सामान घेऊन अंगणाच्या त्यांच्या टोकाला पोटावर झोपले. मी आमच्या टोकाला. कोणी कोणाला आदेश दिला नव्हता. दोन्ही पथकं मागोमाग आली, आणि पहिल्यांदाच आम्ही एकाच जमिनीवर समोरासमोरून सरकत काम केलं. दुसरा सुरुंग प्रथमोपचाराच्या खोलीच्या पायरीपाशी निघाला. आणखी एक, लहान, माणसासाठीचा, पोरं जिथे गोल करायची तिथे. त्याची कळ गंजून जाम झाली होती. म्हणून म्हणतो, आज सत्कार करायचाच तर आधी त्या गंजाचा करा. दोन सरकारं, तीन निरीक्षक देश आणि आम्ही दोघं शहाणे, यांच्याहून त्याने या पोरांची जास्त काळजी घेतली.

त्याच आठवड्यात आम्हाला एक सल्ला मिळाला. सल्ला देणारी व्यक्ती आज या व्यासपीठावर आहे. घाबरू नका, मी बोट दाखवणार नाही. सल्ला असा, की कराराची मुदत वाढवायची वेळ आली आहे, ही बातमी वर गेली तर दोन्ही राजधान्यांत बोंब उठेल, तेव्हा सध्या गुपचूप उचला, सह्या होऊ द्या, मग बघू. सल्ला वाईट हेतूने दिला नव्हता. मी तर मोहात पडलो होतो, खोटं कशाला बोलू? सावकाशराव तर निवृत्तीला पोचलेला माणूस. त्यांचं पदक ठरलेलं. अपघात एकही नाही, अशी कीर्ती. गप्प बसले असते तर आज या टेबलावरच्या तबकात ते पदक असतं. ते झाकण काढू नका, त्यात काही नाही. त्यांनी फक्त इतकं म्हटलं, "गप्प बसलो म्हणूनच तर हे झालं. आता पुन्हा गप्प बसू?" आणि आम्ही दोघांच्या नावाने कळवून टाकलं. कारण लिहायचं होतं, तिथे यांनी लिहिलं की आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

त्यावर काय झालं? पदक थांबलं. चौकशी बसली. आणि चौकशी पुरी होईपर्यंत दोन्ही पथकांनी कोठेही जमिनीला हात लावू नये असा आदेश आला. डोंगरापलीकडची शेतं तशीच पडून आहेत. दोन्ही वस्त्यांनी आमच्याकडे डोळे लावले आहेत, आणि आम्ही हात बांधून बसलो आहोत. कराराची मुदत वाढणार की नाही, हे व्यासपीठावरच्या दोन पाहुण्यांच्या मनात आहे, त्यात मी डोकावत नाही.

पाच मिनिटं केव्हाच संपली, बाई, मला दिसतंय तुम्ही घड्याळ दाखवताय. पण मला अजून खाली बसता येत नाही, कारण मला एक प्रश्न विचारायचा आहे आणि तो आत्ताच विचारला पाहिजे.

मघाशी अध्यक्ष महोदयांनी फार सुंदर उदाहरण दिलं. या तंबूमागून झऱ्याकडे जी पायवाट जाते, तिच्यावरून दोन्ही वस्त्यांच्या बायका एकत्र पाणी आणतात, हीच खरी शांतता, असं त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मीही वाजवायला लागलो. आणि माझे हात मधेच थांबले.

ती वाट काही अंतर दगडांच्या दोन रांगांमधून जाते. आमच्या दगडांच्या ती बाहेर आहे. तुमच्या दगडांचं मला ठाऊक नाही, कारण तुमचा नकाशा मी पाहिलेला नाही. अंगण साफ केलं त्या दिवसांत आमच्या डोक्यात फक्त अंगण होतं, आणि लगेच काम बंदचा आदेश आला. वाटेचं कोणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही, इथे या खुर्चीवर बसून टाळी वाजवेपर्यंत.

सावकाशराव, चारचौघांत असं विचारायचं नसतं हे मला कळतं. तुमचा निरोपाचा दिवस आहे हेही कळतं. तरी विचारतो. झऱ्याची वाट तुम्ही साफ केली आहे का?

माईक त्यांच्याकडे न्या.

माईक पोचायच्या आतच ते बोलले, मागच्या लोकांना ऐकू आलं नसेल, मी पुन्हा सांगतो. ते म्हणाले, "नाही. आम्हाला वाटलं, ती तुम्ही केलीत."

आम्ही केलेली नाही.

बसून राहा. सगळ्यांनी बसून राहायचं. तंबूत काही धोका नाही, ही जमीन मी स्वतः पोटावर सरकत तपासली आहे. धोका मागच्या बाजूला आहे, कनातीच्या पलीकडे. पोरांना जवळ धरा. मला फक्त एवढं सांगा, पाण्यावर आत्ता कोणी गेलं आहे का?

कोण? चहाच्या पाण्याला? दोघी?

हो, मी पाहिल्या. एक आमच्या वस्तीतली, एक तुमच्या. माझ्या समोरूनच कनात उचलून हसत गेल्या.

मागच्या रांगेतले, शिट्टी मारा. लांब शिट्टी. दोन्ही वस्त्यांना तिचा अर्थ ठाऊक आहे, आहे तिथे उभं राहायचं. पुन्हा मारा. कनातीशी कोण आहे? उभ्या राहिल्या? दिसतायत? ओरडून सांगा, पाऊल उचलू नका म्हणावं, हंडा खाली ठेवू नका, आम्ही येतोय.

पाहुणे, तुम्ही काहीतरी म्हणताय, मला ऐकू येतंय. आदेश काम बंदचा आहे, बरोबर. पण पाणी आणणं बंद करायचा आदेश कोणी काढलेला नाही. तुमची सही तुम्ही सांभाळा, आमच्यावर जी काय कारवाई करायची ती उद्या करा. सावकाशराव सत्काराचा गुच्छ खाली ठेवून उठलेले आहेत, तुम्हाला दिसतंयच. मला त्यांच्या शेजारी असायचं आहे. आज एकाने त्या टोकाने आणि एकाने या टोकाने जायचं नाही, एकत्रच जायचं आहे, आणि प्रत्येक वीतभर जमिनीवर एकमेकांना मोठ्याने विचारत जायचं आहे.

तेव्हा आवरतं घेतो. अध्यक्ष महोदया, आपण बोलायची संधी दिलीत, आणि वाटेचा उल्लेख केलात, त्याबद्दल आपले मनापासून आभार. संयोजकांचे आभार, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आताही शांत बसला आहात, त्याबद्दल ऋणी आहे. समारंभाचा विचका केला, पाहुण्यांना उलट बोललो, मित्राला भर सभेत प्रश्न विचारला, हे सगळं पोटात घाला. आणि विचारायला इतका उशीर केला याची क्षमा मी इथे कोणाकडेच मागत नाही. ती मागायची आहे त्या दोघींकडे, आणि त्या आत्ता डोक्यावर हंडे घेऊन त्या वाटेवर उभ्या आहेत.